टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पडदा १३ मिमी आलाय. धावणं थांबवू का?

सिंहगड_पायथा | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. वय ४३, उंची १६८ सेंमी, वजन ६२ किलो, मुक्काम पुणे. नऊ वर्षं धावतोय. आठवड्याला ६०-६५ किलोमीटर, त्यात गुरुवारी सिंहगड. पुढे साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन आहे आणि यवतेश्वरचा घाट यंदा न थांबता चढायचा असं ठरवलंय. गेली दोन वर्षं शेवटच्या वळणावर बुटाची नाडी बांधायचं नाटक करून थांबलोय.

आमच्या ग्रुपच्या कोचने चाळिशीवरच्या सगळ्यांना टू-डी इको करून आणायला सांगितलं. मी ऐटीत गेलो. मशीनवरच्या मुलाने नाडी बघून "सर, रनर का?" विचारलं तेव्हा तर कॉलर ताठ. मग रिपोर्ट हातात आला:

पडदा (आयव्हीएस, हृदयाच्या डाव्या-उजव्या खालच्या कप्प्यांमधली भिंत) १३ मिमी, मागची भिंत १० मिमी, डावा खालचा कप्पा पूर्ण भरलेला असताना ५६ मिमी, ईएफ (एका ठोक्यात कप्प्यातून बाहेर जाणारं रक्त) ५३ टक्के, डावा वरचा कप्पा 'माइल्डली डायलेटेड', हार्ट रेट ४४. आणि खाली ठळक अक्षरांत: 'असिमेट्रिक सेप्टल हायपरट्रॉफी? कार्डिऑलॉजिस्टचा सल्ला घ्यावा.' म्हणजे पडदाच तेवढा जाड झालाय का, अशी शंका.

त्या प्रश्नचिन्हाने दोन रात्री झोप नाही. गूगल केलं तर पहिल्याच पानावर मैदानात कोसळलेले खेळाडू. बायकोने फोन काढून घेतला. आईने "घोड्यासारखं धावून कुणाचं भलं झालंय" हे नऊ वर्षं राखून ठेवलेलं वाक्य अखेर वापरलं. वडिलांची बायपास ५२व्या वर्षी झाली, पण ते विड्या ओढायचे आणि धावायचे फक्त एसटी पकडायला.

त्रास काहीही नाही. चक्कर नाही, छातीत दुखणं नाही. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळालीय. तोवर धावू का? आणि हे १३ म्हणजे नेमकं काय?

---

आगाऊ_कार्टा | सोमवार, रात्री ११:०५

प्रश्नचिन्हाचे पैसे वेगळे लावले का?

(गंमत हो. काळजी घ्या. वाचतोय.)

---

इकोवाली | मंगळवार, सकाळी ६:४०

मी नाशिकला इको करते, १४ वर्षं झाली. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टर करतील. पण तो १३चा आकडा जन्माला कसा येतो ते सांगू शकते.

तुम्हाला डाव्या कुशीवर झोपवलं असेल, डावा हात डोक्याखाली, छातीवर थंडगार जेल. प्रोब छातीच्या मधल्या हाडाच्या डावीकडे, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या फटीत. तिथून हृदयाचा उभा छेद दिसतो. त्या चित्रात मायट्रल झडपेच्या पाकळ्यांची टोकं जिथे येतात, तिथे, हृदय पूर्ण भरलेल्या क्षणी, पडद्याला अगदी काटकोनात रेघ मारायची. रेघ तिरकी गेली की जाडी वाढते. काकडी तिरकी कापली की चकती लांबट होते, तेच.

दुसरी गोम अशी की उजव्या कप्प्यातून स्नायूची एक दोरी पडद्याला येऊन चिकटते, मॉडरेटर बँड. धावणाऱ्यांत उजवा कप्पाही मोठा असतो, त्यातल्या या दोऱ्या ठसठशीत दिसतात. घाईत तिचाही माप घेताना समावेश झाला तर दोन-तीन मिलिमीटर फुकटात मिळतात. पडदा १३ आणि मागची भिंत १० असं वाचलं की मला आधी हाच संशय येतो. आजाराचा त्यानंतर.

तिसरं म्हणजे तुमची फुप्फुसं. धावणाऱ्यांची छाती हवेने भरलेली असते आणि अल्ट्रासाउंडला हवेतून दिसत नाही. म्हणून "श्वास सोडा, थांबा" म्हणावं लागतं. ४४च्या नाडीत दोन ठोक्यांमध्ये जवळजवळ दीड सेकंद जातो. पेशंट श्वास धरून लाल व्हायला लागतो आणि बाहेर बाकावर १८ जण बसलेले असतात. पुढचं समजून घ्या.

जिथे केला तिथून क्लिप्स सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. कागदावर आकडा असतो, रेघ कुठे मारली ते क्लिपमध्येच दिसतं.

---

सिंहगड_पायथा | मंगळवार, सकाळी ७:१५

इकोवाली ताई, मला श्वास धरायला सांगितलाच नाही. एकूण सहा-सात मिनिटांत आटोपलं. सीडी मागतो.

---

डॉ_अर्धविराम | मंगळवार, दुपारी ३:२०

नागपूरला कार्डिऑलॉजी करतो. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण या विषयावर गैरसमज इतके आहेत की थोडं लिहितोच.

खेळाडूचं हृदय मोठं होतं ही गोष्ट नवी नाही. १८९९ साली हेन्शेन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने बर्फावर लांब पल्ल्याचं स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी टकटक करून, आवाजावरून ते ओळखलं होतं. टरबूज बघतात तसं. इकोची सुरुवातही स्वीडनचीच. लुंड गावात १९५३ साली एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र हृदयावर लावून पाहिलं. मग १९७५मध्ये मॉर्गनरॉथ आणि मंडळींनी इकोवर खेळाडू तपासून मांडणी केली की पळणाऱ्या-पोहणाऱ्यांत कप्पा मोठा होतो आणि कुस्ती, गोळाफेक करणाऱ्यांत भिंत जाड होते. आज इतकी सरळ विभागणी कुणी मानत नाही, पण विचार करायला ती अजून उपयोगी पडते.

आता १३ मिमी. नेहमीच्या पुरुषाची भिंत ६ ते १० मिमी. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे स्नायू जाड होण्याचा आजार, साधारण १५पासून पुढे मानतात. मधला १३-१४चा पट्टा धूसर. इटलीत पेलिच्चिया यांनी ९४७ अव्वल खेळाडूंचे इको केले, १९९१चा शोधनिबंध आहे. १३ किंवा त्याहून जाड भिंत फक्त १६ जणांत निघाली आणि सर्वांत जाड १६ मिमी. त्या १६ जणांत एक सायकलपटू, बाकी सगळे वल्ही मारणारे. थोडक्यात, ऑलिंपिक दर्जाच्या खेळाडूंतही १३ दुर्मीळ आहे. आठवड्याला ६५ किलोमीटर पळणाऱ्या ६२ किलोच्या माणसात तो निघाला तर मी "खेळाडूचं हृदय आहे, जा घरी" म्हणणार नाही आणि "आजार आहे" असंही म्हणणार नाही. आधी पुन्हा मोजणार. इकोवाली यांच्याशी शंभर टक्के सहमत.

त्यानंतर भोवतालचा पुरावा बघायचा. कप्पा ५६ आहे ही चांगली बाजू. आजारात भिंत आतल्या बाजूने जागा खाते, कप्पा बहुधा ४५च्या आत राहतो. मग स्नायू सैल किती पटकन होतो ते. टिश्यू डॉप्लरमध्ये पडद्याजवळचा ई-प्राइम नावाचा वेग मोजतात. निरोगी खेळाडूचं हृदय जाड असलं तरी रबरासारखं झटकन पसरतं, आजारी हृदय चामड्यासारखं. तुमच्या रिपोर्टात हा वेग दिलेलाच नाही, म्हणजे अर्धी परीक्षा राहिलीय. सोबत ईसीजी हवाच. आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, हा प्रश्न.

तोवर धावणं? डॉक्टर भेटेपर्यंत चाला. आठ दिवसांत फिटनेस जात नाही.

---

शंकासुर | मंगळवार, सायंकाळी ७:४८

मूळ प्रश्न कुणी विचारत नाहीये. त्रास नसलेल्या माणसाने इको केलाच कशाला? दोन-अडीच हजार खर्चून प्रश्नचिन्ह विकत आणायचं, मग ते पुसायला एमआरआय, मग एमआरआयमधला ठिपका पुसायला आणखी काही. कोच म्हणजे काय एमडी मेडिसिन?

---

मिलानकर | मंगळवार, रात्री ९:३०

शंकासुर, मी ११ वर्षं इटलीत आहे. इथे स्पर्धेत पळायचं तर दरवर्षी क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, गल्लीतल्या दहा किलोमीटरलाही. १९८२पासून कायदाच आहे. ईसीजी, सायकलवर दम काढून पुन्हा ईसीजी, नळीत फुंकायचं, लघवीची तपासणी. व्हेनेतो प्रांताचे आकडे प्रसिद्ध आहेत. तरुण खेळाडूंतले अचानक मृत्यू सक्तीआधी वर्षाला लाखात ३.६ होते, २००४पर्यंत ०.४वर आले. पण लक्षात घ्या, सरसकट सगळ्यांचा इको इथेही करत नाहीत. ईसीजीत किंवा स्टेथोस्कोपमध्ये काही खटकलं तरच.

माझा एकदा केला होता. हलका मर्मर (ठोक्यांच्या मधला जादा आवाज) ऐकू आला म्हणून. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या निघाल्या. शंभरात एक-दोघांना असतात म्हणे. पळायला बंदी नाही, फक्त दर दोन वर्षांनी इको आणि महाधमनी फुगत नाही ना ते बघायचं. इको केला नसता तर हे कळलंच नसतं.

---

शंकासुर | मंगळवार, रात्री ९:५५

व्हेनेतोचं सगळे सांगतात, इस्रायलचं कुणी सांगत नाही. तिथेही १९९७पासून सक्ती आहे. आधीच्या आणि नंतरच्या मृत्यूंची तुलना केली तर फरक नाही. इटलीत सक्ती आली त्याच्या अगदी आधीची वर्षं वाईट होती, म्हणून घसरण मोठी दिसते, असं म्हणणारेही आहेत.

आणि इंग्लंडच्या फुटबॉलवाल्यांचं बघा. १९९६ ते २०१६, ११,१६८ पोरं, प्रत्येकाचा ईसीजी आणि प्रत्येकाचा इको. धोकादायक दोष सापडला ४२ जणांत. पुढे हृदयाने अचानक गेले आठ. त्यातल्या सहांच्या तपासण्या नॉर्मल होत्या.

---

डॉ_अर्धविराम | मंगळवार, रात्री १०:२०

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धा आहे. ते ४२ जण वेळेत सापडले, त्यांच्यावर उपचार झाले, बरेचसे परत खेळले. तेही हिशेबात धरा. आणि त्या सहांचं कारण सरळ आहे. पोरांची तपासणी सोळाव्या वर्षाच्या आसपास एकदाच झाली. हे आजार पुष्कळदा नंतर, वाढीच्या काळात आणि पुढेही उघड होतात. एकदा काढलेला इको म्हणजे त्या दिवशीचा फोटो.

---

मांडवीकाठ | बुधवार, सकाळी ८:१०

फुटबॉलचा विषय निघाला म्हणून. आम्हा गोंयकारांना ५ डिसेंबर २००४ विसरता येत नाही. बंगळुरूला फेडरेशन कपची अंतिम लढत, धेंपो विरुद्ध मोहन बागान. आमचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनिअर. दुसरा गोल मारताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, खाली पडला तो उठलाच नाही. कप आमचा, आणि घरात टीव्हीसमोर सगळे गप्प. माझे वडील तेव्हापासून फायनल बघत नाहीत.

त्याचा इको आधी झाला असता तर वाचला असता का, हा प्रश्न मला २० वर्षं छळतोय.

---

डॉ_अर्धविराम | बुधवार, दुपारी २:०५

त्याच्या बाबतीत नेमकं काय झालं यावर बाहेरून बोलणं बरं नाही. सर्वसाधारण उत्तर देतो. फुटबॉलपटूंच्या मृत्यूंपैकी काहींत दोष इकोवर दिसू शकला असता. २००३मध्ये लियाँच्या मैदानात गेलेला कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियाँ फोए, शवविच्छेदनात हाच जाड स्नायूचा आजार निघाला. त्याउलट डेन्मार्कचा एरिक्सन. १२ जून २०२१, कोपनहेगन, सामना चालू असताना कोसळला. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबला असताना त्याच्या दरवर्षीच्या तपासण्या नॉर्मल होत्या, असं तिथले हृदयतज्ज्ञ संजय शर्मा यांनी तेव्हा सांगितलं होतं. आणि तिसरा प्रकार छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या फटक्याचा. ठणठणीत हृदयही त्याने थांबू शकतं. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या डामार हॅमलिनचं तसं झालं. यात इको आधी शंभर वेळा काढा, काही दिसणार नाही.

एरिक्सन आणि हॅमलिन दोघे जिवंत आहेत ते मैदानावर लगेच छाती दाबायला घेतली आणि शॉक देणारं यंत्र हाताशी होतं म्हणून. आपल्याकडच्या किती मैदानांवर ते यंत्र असतं ते तुम्हीच मोजा.

---

मिलानकर | बुधवार, दुपारी ४:४०

एरिक्सनला नंतर छातीत, गरज पडली तर आतूनच शॉक देणारं यंत्र बसवलं आणि ते असेपर्यंत इटलीत खेळायची परवानगी नाही. त्याच्या इंटर मिलान क्लबने करार संपवला. तो इंग्लंडला ब्रेंटफर्डकडून खेळला. देश बदलला, नियम बदलला, हृदय तेच.

---

पहाटधाव | बुधवार, रात्री ८:३०

सगळे आकडे पुरुषांचेच का? मी ३८, ठाण्यात आमचा बायकांचा ग्रुप आहे, बऱ्याच जणी फुल मॅरेथॉन करतात. आमच्यात एकीचा रिपोर्ट '११ मिमी, नॉर्मल फॉर अ‍ॅथलीट' असा आला होता. चाळिशीच्या बाईला ११ नॉर्मल का?

आणि एक अवघड प्रश्न. दोघी जणी इको करायला जातच नाहीत, कारण पुरुष टेक्निशियन असतो. यावर काय?

---

इकोवाली | बुधवार, रात्री ९:१५

दुसऱ्याचं उत्तर मी देते. फोनवर नंबर लावतानाच "बाई टेक्निशियन कधी असतात" असं विचारायचं. लाजायचं नाही, आम्हाला हा प्रश्न रोज येतो. पुढून उघडणारा गाऊन मागायचा. स्पोर्ट्‌स ब्रा काढावी लागते, कारण शेवटचे छेद डाव्या स्तनाच्या खालून घेतात. ती वर सरकवून केलं तर प्रोब योग्य जागी बसत नाही, हृदयाचं टोक चित्रात कापलं जातं, कप्पा आखूड दिसतो आणि ईएफ चुकतो. बाईमाणसांचे रिपोर्ट संकोचामुळे चुकलेले मी पाहिलेत. उरलेल्या वेळी अंगावर चादर हवीच, नसेल तर मागा.

---

डॉ_अर्धविराम | बुधवार, रात्री १०:००

पहिल्याचं मी. बायकांसाठी नेहमीची मर्यादा ९ मिमी. पेलिच्चियांनीच पुढे ६०० अव्वल महिला खेळाडू तपासल्या. भिंत ६ ते १२ मिमीच्या आत, १३ एकीचीही नाही. म्हणजे बायकांत धूसर पट्टाच नाही म्हटलं तरी चालेल. १२च्या पुढे गेलं की आजार शोधायचा. ११ला मी 'नॉर्मल फॉर अ‍ॅथलीट' लिहून मोकळा होणार नाही. रक्तदाब मोजेन, ईसीजी बघेन. चाळिशीच्या बायकांचा रक्तदाब कुणी मोजतच नाही, त्यांनाही वेळ नसतो.

कप्प्याचा आकार मात्र बायकांतही चांगला वाढतो. त्यांच्या मालिकेत सर्वांत मोठा ६६ मिमी होता. मोठा कप्पा आणि पातळ भिंत पळणाऱ्या बाईत बघून घाबरायचं नाही.

---

सिंहगड_पायथा | गुरुवार, सकाळी ६:०५

आज गुरुवार, आणि मी सिंहगडावर नाही. गॅलरीत बसून चहा पितोय, फार वाईट वाटतंय.

डॉक्टर, ईएफ ५३चं काय? आमच्या ग्रुपमधल्या एकाचा ६२ आहे, तो अर्धं अंतर चालतो.

---

डॉ_अर्धविराम | गुरुवार, दुपारी १:३०

ईएफला परीक्षेतले मार्क समजू नका. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर गेलं, एवढंच ते सांगतं. तुमच्या त्या मित्राचा कप्पा समजा ११० मिलिलिटरचा. ६२ टक्के म्हणजे ६८ मिलिलिटर बाहेर. नाडी ७०, म्हणून मिनिटाला पावणेपाच लिटर. पळणाऱ्याचा कप्पा १८० मिलिलिटरचा, ५३ टक्क्यांनी ९५ बाहेर, नाडी ४८, म्हणून साडेचार लिटरच्या वर थोडं. बसलेल्या माणसाला लागतं तेवढंच रक्त दोघांनाही मिळालं. मोठी पिशवी आहे, ती पिळायची गरज काय?

शंका असेल तर सायकलवर दम लागेपर्यंत चालवून लगेच इको करतात. खेळाडूचा ईएफ व्यायामात मस्त वर जातो. स्नायूच कमजोर असेल तर जात नाही. आरामात काढलेल्या इकोपेक्षा खेळाडूच्या बाबतीत मला हा जास्त आवडतो. दुर्दैवाने फार कमी ठिकाणी मन लावून करतात.

---

तालमीतला | गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी कोल्हापूरचा, आमच्या घरात तीन पिढ्या तालीम. पुतण्या २१ वर्षांचा, ९७ किलो, मॅटवर आणि मातीत दोन्हीकडं खेळतो. भरतीसाठी मेडिकल केलं. भिंत चारी बाजूनं १४, कप्पा ४९, ईएफ ५०. रक्तदाब १५०/९४. पोरगं म्हणतंय जोर-बैठका मारतोय, हृदय तगडं झालंय, वस्तादही तेच म्हणतात. वरचं सगळं वाचून मला काय ते बरं वाटंना. बघा जरा.

---

डॉ_अर्धविराम | गुरुवार, रात्री १०:३५

दादा, हे गांभीर्याने घ्या.

जड वजन ढकलताना रक्तदाब क्षणभर भयंकर चढतो. १९८५मध्ये धमनीत थेट नळी घालून मोजलं होतं, दोन्ही पायांनी वजन ढकलताना एकाचा ४८०/३५० गेला. म्हणून भिंत जाड होणारच, असं सगळे धरून चालतात. पण तो चढ काही सेकंदांचा असतो. प्रत्यक्षात वजन उचलणारे, फेक करणारे असे ताकदीचे अव्वल खेळाडू तपासले तेव्हा भिंत १२च्या पुढे गेलेली सापडली नाही. त्यामुळे ताकदीच्या खेळात १४ ऐकलं की माझे कान टवकारतात. पुतण्याचा देह मोठा आहे, ते धरूनही १४ जास्तच. शिवाय कप्पा मोठा नाही, ईएफ कमी आणि २१व्या वर्षी १५०/९४. मोठ्या दंडाला मोठा पट्टा लावून रक्तदाब पुन्हा मोजा, छोट्या पट्ट्याने उगाच जास्त येतो.

शक्यता तीन. जन्मजात आजार, मुरलेला रक्तदाब, आणि तिसरी तुम्हाला माहीत आहे. इंजेक्शन. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडने दंड फुगतो तसाच हृदयाचा स्नायूही जाड होतो, आणि दंडासारखा तो ताकदवान होत नाही, उलट नीट पिळत नाही आणि नीट सैलही होत नाही. इको बघून औषधाचं नाव सांगता येत नाही, पण पोराला एकट्याला बसवून, वस्ताद आणि काका बाहेर ठेवून विचारायला हवं. मी विचारतो तेव्हा दार लावून घेतो आणि पहिलं वाक्य "घरी सांगणार नाही" हेच असतं.

तोवर मेहनत बंद. हलकं चालणं ठीक.

---

तालमीतला | गुरुवार, रात्री ११:१०

समजलं. बोलतो.

---

पहाटधाव | शुक्रवार, सकाळी ७:२५

हे वाचून सुचलं. मोठ्या स्पर्धांच्या आदल्या दिवशी बिब (छातीवर लावायचे नंबर) वाटतात तिथेच एखादं छोटं इको मशीन आणून कॅम्प का घेत नाहीत? आता तर हातात मावणारी आलीत.

---

इकोवाली | शुक्रवार, दुपारी २:५०

कल्पना छान आहे, पण आपल्याकडे मशीन असं पिशवीत घालून नेता येत नाही. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली अल्ट्रासाउंडची यंत्रं ठरलेल्या जागेवर नोंदलेली असतात. हृदयाच्या मशीनलाही दुसरा प्रोब जोडला की पोट दिसतंच ना. हलवायचं तर परवानग्यांचं भेंडोळं. आपल्या राज्याने १९८८मध्ये, देशाच्या आधी कायदा केला आणि का केला ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही. आणि खरं सांगू, बिब घ्यायच्या रांगेत काढलेल्या घाईच्या इकोतून असे आणखी ५० धागे निघतील.

---

सिंहगड_पायथा | पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:३०

उशिरा कळवतोय, क्षमस्व. बरेच जण व्यक्तिगत निरोप पाठवून विचारत होते.

सीडी घेऊन गेलो. डॉक्टरांनी मॉनिटरवर क्लिप थांबवली, पेनाने दाखवलं: रेघ तिरकी आणि ती दोरी आत घेतलेली. इकोवाली ताई, तुम्ही क्लिप न बघता हे सांगितलंत, साष्टांग. पुन्हा इको झाला, ३५ मिनिटं. "श्वास सोडा, थांबा" किती वेळा ते मोजायचं सोडून दिलं. पडदा ११, भिंत १०, कप्पा ५६, ई-प्राइम चांगला. सायकलवर ईएफ ६८पर्यंत गेला. ईसीजीत फक्त संथ नाडी. निदान: पळणाऱ्याचं हृदय. एमआरआयची गरज नाही म्हणाले.

मी उठून बूट घालत होतो. तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "वडिलांना काय आहे?" मी विडी आणि एसटीचा विनोद सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "इकोत झडपा दिसतात, भिंती दिसतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांतला अडथळा आरामातल्या इकोत दिसत नाही. पस्तिशीनंतर पळताना कोसळणाऱ्यांत मुख्य कारण तेच असतं. तुम्ही इतके दिवस चुकीच्या मिलिमीटरची काळजी करताय."

कोलेस्टेरॉल तपासलं, एलडीएल (त्यातलं वाईट) १५८. सीटीवर कॅल्शियम स्कोअर काढला, म्हणजे त्या नळ्यांत कॅल्शियम किती साचलंय ते. ४३व्या वर्षी शून्य यायला हवा होता, ७४ आला. टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) व्यवस्थित. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केलीय, रात्री एक. पळायला परवानगी आहे, छातीत, जबड्यात काही वाटलं की थांबायचं. घाटात नाडी १५०च्या वर न्यायची नाही, तीन महिने तरी.

आईला अर्थातच फक्त पहिला अर्धा भाग सांगितलाय.

---

शंकासुर | रविवार, दुपारी १२:१०

अभिनंदन. नोंद करून ठेवतो की इकोने एक खोटा आजार दिला आणि खरा दाखवला नाही. वडिलांबद्दलचा प्रश्न फुकट होता.

---

डॉ_अर्धविराम | रविवार, दुपारी ४:००

फुकट नव्हता, त्यांनी फी दिलीय. पण मुद्दा मान्य.

एकच पुरवणी. वर्षानुवर्षं भरपूर पळणाऱ्यांच्या नळ्यांत कॅल्शियम थोडं जास्त सापडतं आणि त्याचा अर्थ न पळणाऱ्यांइतका वाईट नसावा, असा एक विचार आहे. तो वाचून कुणी गोळी बंद करू नये. ४३ वय, वडिलांना ५२ला बायपास, एलडीएल १५८. गोळी घ्या.

---

आगाऊ_कार्टा | रविवार, सायंकाळी ६:२०

१५०च्या वर नाही म्हणजे यंदाही यवतेश्वरला नाडी बांधणार तर!

---

सिंहगड_पायथा | रविवार, सायंकाळी ६:३५

यंदा घड्याळ दाखवून थांबणार. प्रगती आहे.

---

तालमीतला | सोमवार, रात्री १०:१५

आमचंही सांगतो. त्या रात्री बोललो नाही, चार दिवस धीरच झाला नाही. मग डॉक्टरकडं नेलं, मी बाहेर बाकड्यावर बसलो. अर्ध्या तासानं पोरगं बाहेर आलं, मान खाली. गाडीत बसल्यावर म्हणालं, "आकरा महिनं घेत होतो, काका." कुणी दिलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या माणसाकडं गेलो असतो.

रक्तदाबाची गोळी चालू झाली. ईसीजीत काही बदल निघाले म्हणून एमआरआय झाला, त्यात व्रण नाही, जन्मजात आजारासारखंही दिसत नाही म्हणाले. सगळं बंद करून तीन महिन्यांनी परत इको. भिंत उतरली पाहिजे म्हणाले, कितपत ते आत्ता सांगता येत नाही. भरती हुकली. पहाटे साडेचारला सवयीनं उठतं आणि अंगणात बसून राहतं. म्हसरं सोडायला चल म्हणलं तर येतंय.

परत इको झाला की इथंच लिहीन.